मागचं डिफरन्शियल

१

देवाजीकाकांची पिवळी गाडी दुसऱ्याच फेरीत ट्रॅकबाहेर उडाली आणि जितेंद्रच्या नडगीवर आदळली. हाड मोडल्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

रिमोटची गाडी म्हटलं की लोकांना खेळणं वाटतं. पण आमच्या गाड्या हातभर लांब आणि चार किलो वजनाच्या असतात, आणि सरळ रस्त्यावर ताशी साठ किलोमीटरच्या वर पळतात. हुडकेश्वरच्या पुढे प्लॉट पाडून रिकाम्या राहिलेल्या एका लेआउटवर आमच्या क्लबचा मातीचा ट्रॅक आहे. महिन्यातून एका रविवारी सकाळी शर्यत असते. जितेंद्र कामठीहून येतो. एरवी तो शेअर ऑटो चालवतो, आणि शर्यतीच्या दिवशी वळणावर उभा राहून उलटलेल्या गाड्या सरळ करतो. त्याला दवाखान्यात पाठवलं आणि मग सगळे पिवळ्या गाडीभोवती जमले.

माझं नाव नागसेन. बावीस वर्षं मी गाड्यांच्या अपघातांचा विमा सर्व्हे करतो. काय अपघाताआधी तुटलेलं होतं आणि काय अपघातामुळे तुटलं, हे ओळखणं माझं काम. त्यामुळे स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी मी सवयीनं गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढले.

मग मागचं डिफरन्शियल उघडलं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त फिरावं लागतं, आतल्या चाकाला कमी. ती मोकळीक देणारी ही अंड्याएवढी डबी. आमच्या गाड्यांत तिच्यात सिलिकॉनचं तेल भरतात. तेल जितकं दाट, तितकी दोन्ही चाकं एकमेकांना बांधलेली. देवाजीकाका मागे पाच हजारी तेल भरतात, साधारण मधाइतकं दाट. डबीतून निघालं ते डिंकासारखं होतं, बोटाला धरून वीतभर ताणलं जात होतं.

“हे तर पाच लाखी आहे,” काका म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

शिवाय मोटरवरचं दातेरी चाक, ज्याला आम्ही पिनियन म्हणतो, चौदा दात्यांऐवजी सतरा दात्यांचं होतं. म्हणजे गाडी नेहमीपेक्षा कितीतरी जोरात आली आणि वळणावर मागची चाकं वळायलाच तयार नव्हती. शेपूट फिरणारच होतं.

कोराडीच्या वीजकेंद्रात टर्बाइनवर पस्तीस वर्षं फिटर असलेला माणूस अशी चूक करेल, हे कुणाच्याही मनात आलं नाही. ते तेल ओतताना हातालाच कळतं. काकांनी मान वर केली आणि सरळ ऋषिकेशकडे बोट दाखवलं. “यानं केलं. सकाळी माह्या गाडीजवळ आला होता. मी हाकललं त्याले.”

सगळ्यांनी ते पाहिलं होतं. ऋषिकेश आपली गाडी पिशवीत भरू लागला.

२

ऋषिकेश आठ वर्षं काकांचा चेला होता. त्याचं मानेवाडा चौकात मोबाइल आणि रिमोटच्या गाड्या दुरुस्तीचं दुकान आहे. गेल्या ऑगस्टमध्ये काकांनी त्याला घरातून हाकललं. न विचारता माझी पेटी उघडतो, असं त्यांचं म्हणणं होतं. तेव्हापासून तो त्यांच्याविरुद्ध गाडी चालवत होता आणि दर वेळी हरत होता. नोव्हेंबरमध्ये अर्ध्या फेरीनं हरला.

क्लबचे प्रमुख बाबाराव हे निवृत्त पीटी मास्तर. त्यांनी ठरवलं की पुढच्या रविवारी बैठक घ्यायची आणि मी तोवर छडा लावायचा. ऋषिकेशचा दोष निघाला तर त्याला कायमची बंदी. बंदी म्हणजे त्याच्या दुकानात कोणी पाऊल ठेवणार नाही, कारण त्याची बहुतेक गिऱ्हाइकं क्लबातली आणि त्यांच्या ओळखीतलीच.

सोमवारी संध्याकाळी मी काकांच्या घरी गेलो. कांताकाकूंनी चहा दिला. काकांनी मला लाल पेटी दाखवली, कुलूपबंद. किल्ली दारामागच्या खिळ्याला. शुक्रवारी त्यांनी स्वतः तेल भरलं, पिनियन बसवलं, पेटी बंद केली. शनिवारी दुपारी नेहमीप्रमाणे दोन तास विहारात गेले. घराला कुलूप होतं, कारण काकूंची मोठी बहीण वारल्यामुळे त्या गुरुवारपासून कामठीला होत्या. कुलूप शाबूत होतं. काकू घरी नसल्यामुळे रविवारी आवरायला उशीर झाला, म्हणून सरावाची फेरी न मारताच ते शर्यतीत उतरले.

“किल्ली बनवून घेतली असंल त्यानं,” काका म्हणाले. “नागसेन, चहा घेतला का गा?”

मी घेतला म्हणालो. मग त्यांनी मला टर्बाइनवरची एक रीत सांगितली. नट आवळला की नटापासून बॉडीपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढायची. नट तसूभर जरी हलला तरी रेघ तुटते, आणि दुसऱ्या दिवशी येणाऱ्याला लांबूनच कळतं. काका गाडीच्या प्रत्येक स्क्रूवर, जुनी रेघ पुसून, काडीनं तशीच नवी ओढतात. त्यांच्याकडे डिफरन्शियलचे दोन जोड आहेत, आलटून पालटून वापरायचे. नोव्हेंबरची शर्यत जिंकलेला जोड त्यांनी अभिमानानं माझ्या हातात ठेवला. मी त्याचेही फोटो काढले. मनात काही नव्हतं, हाताची सवय.

निघताना त्यांनी पुन्हा विचारलं, “चहा घेतला का गा?” आणि टर्बाइनची ती रीत पुन्हा पहिल्यापासून सांगितली. वयस्कर माणसाचा आग्रह समजून मी ऐकून घेतली. काकू दारात उभ्या होत्या. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या, काकांकडे पाहत होत्या.

३

मंगळवारी मी कामठीला गेलो. जितेंद्र प्लास्टरमधला पाय खुर्चीवर ठेवून अंगणात बसला होता. ऑटो दारात ताडपत्रीखाली उभा. डॉक्टरांनी त्याला दोन महिने सांगितले होते. तो रागावलेला नव्हता, आणि त्यामुळेच मला जास्त वाईट वाटलं.

बराच वेळ तो इकडचं तिकडचं बोलत राहिला. मग म्हणाला की एक गोष्ट आहे, पण सांगावी की नाही कळत नाही. नोव्हेंबरच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, तो आपल्या रिमोटच्या गाडीचं पिनियन बदलून घ्यायला काकांकडे गेला होता. काका घरी नव्हते. मागच्या ओट्यावर ऋषिकेश बसलेला. समोर काकांची लाल पेटी उघडी आणि हातात पिवळ्या गाडीचं मागचं डिफरन्शियल, झाकण काढलेलं.

“मले पाहून त्यानं झाकून टाकलं,” जितेंद्र म्हणाला. “मले वाटलं, झाली असंल दोघांची सुलह. म्हणून मी काही बोललो नाही.”

पण समेट झालेला नव्हता. म्हणजे ऋषिकेश चोरून ती पेटी उघडत होता, आणि तेही एका महिन्यापासून. परतीच्या वाटेवर मी मनातल्या मनात अहवालाची पहिली ओळ लिहून टाकली.

४

बुधवारी मी ऋषिकेशच्या दुकानात गेलो. जितेंद्रनं पाहिलेलं मी त्याच्यासमोर ठेवलं. त्यानं नाकारलं नाही. पेटी उघडली का, तर हो. डिफरन्शियल खोललं का, तर हो. का, तर उत्तर नाही.

“आणि या वेळी? पाच लाखी तेल तूच भरलं?”

तो डाव्या हातातल्या चिमट्यानं एका उघड्या फोनमधली बारीक केबल बसवत होता. हात थांबला, पुन्हा सुरू झाला. “बंदी घालायची तर घाला, दादा. मी काही म्हणणार नाही.”

मी त्याला समजावलं की दुकान बसेल, घरात बायको आहे, ताराचं बाळंतपण तोंडावर आलं आहे. त्याला हे सगळं माहीत होतं. तो एवढंच म्हणाला की जितेंद्रच्या पायाचं त्याला फार लागलं आहे, आणि काही असो, चूक त्याचीच आहे. हे तो इतक्या मनापासून म्हणाला की तो गुन्हेगार आहे याची माझी जवळजवळ खात्री झाली.

मी उठलो तेव्हा त्यानं विचारलं, “काकू आल्या का कामठीहून?”

रविवारी संध्याकाळी आल्या, असं सांगून मी बाहेर पडलो. गाडीला किक मारली आणि तसाच थांबलो. काकू गुरुवारी अचानक गेल्या होत्या. क्लबमध्ये कुणालाच माहीत नव्हतं, कामठीत राहणाऱ्या जितेंद्रलासुद्धा नाही. मग ऑगस्टपासून ज्याला त्या घरात पाऊल टाकायची मनाई होती, त्याला कुणी सांगितलं?

५

घरी येऊन मी फोटो मोठे करून पाहिले.

आधी अपघाताच्या दिवशीचे, उघडण्यापूर्वीचे. मागच्या डिफरन्शियलचे चार स्क्रू, चार पांढऱ्या रेघा. चारही अखंड. एकही स्क्रू हललेला नव्हता. मोटर पकडणारे स्क्रूही तसेच, आणि मोटर मागे सरकवल्याशिवाय मोठं पिनियन बसत नाही. म्हणजे काकांनी शुक्रवारी हे सगळं आवळून रेघा ओढल्या, त्यानंतर याला कोणीही हात लावलेला नव्हता.

मग दुसरा जोड, नोव्हेंबरचा, जिंकलेला. तिथे प्रत्येक स्क्रूवर दोन रेघा होत्या. खालची तुटलेली, केसभर सरकलेली. तिच्यावर नवी ओढलेली.

मी ते दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले. आम्ही सगळे उलटं शोधत होतो. नोव्हेंबरमध्ये गाडी नीट पळाली, तेव्हा ती कोणीतरी उघडलेली होती. या वेळी ती उडाली, तेव्हा तिला कोणीच उघडलं नव्हतं. परवाच्या रविवारी कोणी काही केलं, असं नव्हतं. आधीच्या प्रत्येक रविवारी कोणीतरी काहीतरी करत होतं, आणि या वेळी ते करायचं राहिलं.

काकांच्या घराला शनिवारी कुलूप होतं. दार उघडून देणारं माणूस कामठीला होतं.

६

गुरुवारी काका अंघोळीला गेले असताना मी काकूंना विचारलं. त्यांनी लपवायचा प्रयत्न केला नाही. कुणीतरी विचारायची त्या वाटच पाहत असाव्यात.

मे महिन्यात पहिल्यांदा झालं. काकांनी पिनियनचा बारका स्क्रू आवळलाच नव्हता. ऋषिकेशच्या ध्यानात आलं, त्यानं न बोलता आवळला. जूनमध्ये पुढचं तेल मागे आणि मागचं पुढे. पुढे दर वेळी काही ना काही. ऑगस्टमध्ये काकांनी त्याला पेटी उघडताना धरलं आणि चोर म्हणून हाकललं. त्यानंतर काका विहारात गेले की काकू त्याला फोन करायच्या. तो मागच्या दारानं यायचा, सगळं खोलायचा, बरोबर करायचा, वरून रेघा ओढायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच गाडीकडून हरायचा.

“त्याईले दुसरं काही राहिलं नाही गा,” काकू म्हणाल्या. “एक ते गाडी आहे. तेही येत नाही म्हणून समजलं तर काय करतील?”

मागच्या गुरुवारी बहीण गेली. बसमधून त्यांनी ऋषिकेशला कळवलं, पण किल्ली द्यायचं त्या धांदलीत डोक्यात आलं नाही. रविवारी सकाळी तो गाडीजवळ गेला होता तो नुसतं मागचं चाक हातानं फिरवून पाहायला. काकांनी हाकललं. सगळ्यांसमोर ओरडून थांबवावं, एवढं त्याच्याच्यानं झालं नाही. ती चूक तो स्वतःची म्हणत होता.

डॉक्टरकडे चला म्हटलं तर काका विचारायचे, मला काय झालं.

मी त्यांना सांगितलं की मला हे बैठकीत बोलावं लागेल. त्यांनी मान डोलावली. पण आधी त्याईले सांगा, म्हणाल्या. दुनियेच्या आधी.

७

शनिवारी सकाळी मी काकांसमोर दोन्ही फोटो ठेवले. फार घुमवून बोललो नाही. त्यांनी भिंग आणलं आणि इतका वेळ पाहिलं की मला वाटलं ते रागावून उठतील. त्यांच्या पाहण्यात मात्र फक्त फिटर होता.

“हे रेघ माही आहे,” ते म्हणाले. मग दुसऱ्या फोटोवर बोट ठेवलं. “अन हे वरची ऋषीची. डावीकडून ओढली आहे. तो डावखुरा आहे ना.”

मला हे सुचलं नव्हतं.

त्यांनी पेटीतून पाच लाखी तेलाची बाटली काढली. कुणाच्या तरी मोठ्या ट्रकसाठी उन्हाळ्यात आणलेली. दोन थेंब बोटावर घेऊन अंगठ्यानं चोळले. तेल ताणलं गेलं. ते बोटांकडे पाहत राहिले.

“हे भरताना मले समजलं नाही?”

मी बाटलीचं झाकण लावलं.

“अन मले काहून नाही सांगितलं त्यानं?”

त्यांनी डोळे पुसले आणि बजावलं की उद्या बैठकीत मी बोलायचं नाही, ते स्वतः बोलतील. सगळ्यांसमोर ऋषिकेशला जवळ घेतील आणि जितेंद्रची माफी मागतील. मी निघालो तेव्हा ते इस्त्रीचा सदरा शोधत होते. मला हलकं वाटत होतं. असा निकाल माझ्या बावीस वर्षांत एकदाही लागला नव्हता.

८

रविवारी ट्रॅकच्या शेडखाली वीसेक माणसं जमली. जितेंद्रला रिक्षातून आणलं होतं. काकू मागे उभ्या. ऋषिकेश एका कडेला. बाबारावांनी मला बोलायला सांगितलं, तर मी म्हणालो की आधी देवाजीकाका बोलतील.

काका उठले. इस्त्रीचा सदरा घातला होता. सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ऋषिकेशकडे बोट दाखवलं.

“यानं केलं. सकाळी माह्या गाडीजवळ आला होता. मी हाकललं त्याले.”

तेच शब्द, तोच आवाज. मला आधी वाटलं की ते मुद्दाम इथून सुरुवात करताहेत, पुढे वळतील. ते वळले नाहीत. खाली बसले आणि माझ्याकडे पाहून, झालं का, अशी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत शनिवारचं काहीही नव्हतं.

काकूंनी पदर तोंडाला लावला. ऋषिकेशनं माझ्याकडे पाहून किंचित मान हलवली, नको म्हणून. मग तो उभा राहिला.

“हो,” तो म्हणाला. “मीच केलं. चुकलं, उस्ताद.”

बाबाराव लिहायला लागले. आणखी अर्ध्या मिनिटात सगळं संपलं असतं. काकांचं नाव राहिलं असतं, ऋषिकेशनं स्वतःहून ओझं घेतलं होतं, आणि मीही गप्पच बसलो असतो, हे मी आज लपवत नाही. पण जितेंद्र म्हणाला, “नागसेनभाऊ, तुम्ही सारं पाहिलं ना. माहा पाय मोडला आहे. मले तरी खरं सांगा.”

मी सांगितलं. सर्व्हेच्या अहवालात सांगतो तसं, एकेक रेघ, एकेक तारीख, आवाज न चढवता. बंद राहिलेलं डिफरन्शियल आणि उघडलं गेलेलं डिफरन्शियल. फोटो हातोहात फिरले. कुणी ऋषिकेशकडे पाहत नव्हतं, कुणी काकांकडे पाहत नव्हतं. सगळे फोटोंकडेच पाहत होते.

काकांनी शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकलं. मग अगदी समजुतीच्या स्वरात मला म्हणाले, “असं कसं होईल गा? मी केलं असतं तर मले आठवलं असतं ना.”

बाबारावांनी पेन आत ठेवून वही मिटली.

९

ऋषिकेशवर बंदी आली नाही. जितेंद्रनं कुणावर काही धरलं नाही. त्यानं काकूंना निरोप पाठवला की पाय बरा झाला की तो पुन्हा वळणावर उभा राहील. डॉक्टरांनी आजाराला एक नाव दिलं, गोळ्या दिल्या, आणि उतरणीचा वेग थोडा कमी होईल, एवढंच म्हणाले. काका आता शर्यतीत उतरत नाहीत. पिवळी गाडी घरीच असते.

मी शनिवारी जातो. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी विचारलं की गाडी कोणी बिघडवली त्याचा पत्ता लागला का. मी त्यांना पुन्हा सगळं सांगितलं. ते पुन्हा भिंग घेऊन बसले, पुन्हा ऋषीची रेघ ओळखली, पुन्हा रडले. पुढच्या शनिवारी त्यांनी परत विचारलं. मी परत सांगितलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि का जेवत नाहीत हे संध्याकाळपर्यंत त्यांनाही सांगता येईना. काकूंनी मला हात जोडले.

एक झालं. ऑगस्टचं भांडणही ते विसरले. ऋषिकेश आता पुढच्या दारानं येतो. काका त्याला जवळ बसवून पिनियन आणि त्याला लागणारं मोठं दातेरी चाक यांच्यामध्ये कागदाची पट्टी घालून दात्यांमधली फट कशी धरायची, ते शिकवतात. आठ वर्षांपूर्वी शिकवलं होतं तेच. तो नव्यानं शिकतो.

गेल्या शनिवारी दोघं असेच बसले होते. मी आत आलो तसे काका म्हणाले, “नागसेन, सापडला का गा तो?”

ऋषिकेशनं मान वर केली नाही.

“शोधून राहिलो, काका,” मी म्हणालो.

“सोडू नको त्याले,” काका म्हणाले, आणि ऋषिकेशच्या हातातली पट्टी सरळ केली.